भीड नसलेला न्यायाधीश

निंबगावच्या कोर्टात न्यायाधीशांना सकाळी दहा वाजता कोरं करत. जुन्या बालअत्याचाराच्या खटल्यांत आधी पंच बसत. पण मल्लखांबाच्या अथर्वसरांवर खटला उभा राहिला आणि पंच शोधायला गेलं, तर अर्धं गाव सरांचं शिष्य निघालं, उरलेलं अर्धं शिष्यांचं सासर. मग कायद्यानं ठरवलं, एकच न्यायाधीश, तोही कोरीकरण केलेला.

"म्हणजे करता काय हो?" ओवीताईंनी विचारलं. फिर्यादी त्याच. लहानपणी सरांनी केलेला अत्याचार त्या आता अठ्ठावन्नाव्या वर्षी सांगणार होत्या. त्यांना एवढंच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, "हे घडलं."

"मेंदूत माणसांची ओळख जिथं असते, तिथंच त्यांची भीडही असते," कोरीकरण करणाऱ्या डॉ. नूर मुजावर म्हणाल्या. "तो भाग दिवसभर झोपवायचा. भाषा राहते, कायदा राहतो, फक्त कोण कोणाचं कोण ते जातं."

"आमच्या सासूबाईंना मिळेल का हे?"

कोर्टात सर आले. पंच्याऐंशीचे, ताठ. सगळे उठले. शिपाई उठला, पोलीस उठले, ओवीताईंचा स्वतःचा वकील तर वाकून पाया पडला. कोऱ्या न्यायाधीश गाडेकरांनी हे पाहिलं आणि ते अदबीनं खुर्ची सोडून खाली उतरले.

"या साहेब, बसा. मी चुकून आपल्या जागेवर बसलो."

"ते आरोपी आहेत!" कारकून कुजबुजला.

"मग हे लोक काय व्यायाम करतायत?" गाडेकर परत वर चढले. "बसा सगळे. बाई, तुम्ही उठला नाहीत?"

"लहानपणी रोज उठायचे, साहेब."

"मग काय झालं? सांगा."

ओवीताईंनी सांगितलं. गाडेकरांनी मधेच 'पण सर तर देवमाणूस' म्हटलं नाही, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी साक्षीला आलेल्या दुसऱ्या दोन बायकांचंही ऐकलं. चारला निकाल दिला. हे घडलं. आरोपी दोषी.

पाचला गाडेकरांना ओळख परत मिळाली, आणि दुपार पुसली गेली. ओवीताई आभार मानायला गेल्या, तेव्हा ते निकाल वाचत होते.

"हे कुठल्या मूर्खानं लिहिलं? सर? शक्यच नाही!"

"साहेब, सही तुमची आहे," नूर म्हणाल्या. "आणि निकाल बदलता येत नाही."

"बाई," गाडेकर ओवीताईंकडे वळले, "तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल हो."

ओवीताई बाहेर आल्या. नूर मागोमाग.

"मला त्या दुपारच्या साहेबांना भेटायचंय. पाच मिनिटं."

"ते आता नाहीत, ताई."

"परत आणा की."

"नवे येतील. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल."

ओवीताई पायरीवर बसल्या. उभ्या आयुष्यात ऐकणारा एकच भेटला होता, आणि तोही सरकारी नियमाप्रमाणे पाच वाजता बंद झाला.