शेवंताबाईंची मागची आवृत्ती

अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेलेल्यांना त्या काळात मुकं राहावं लागत नसे. कानामागची पट्टी मेंदूत जुळत आलेलं वाक्य टिपायची आणि मांडीवरचा टॅब ते मोठ्याने बोलायचा. कोल्हापुरात चपला बनवणाऱ्या शेवंताबाई अशाच बोलत. बोलत म्हणजे, कारागिरांना, मुलीलासुद्धा, झोडपत. चामड्याची वेणी सैल पडली की टॅब कडाडायचा, “सुले, ही वेणी हाय का उंदराची शेपटी? सोड ती.” आणि उत्तम वेणीला? नजर लागू नये म्हणून त्या घरात कुणी कामाची स्तुती करत नसे. “बरी सुटलीस,” एवढंच.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीने, सुलक्षणाने, टॅबवर नवी आवृत्ती चढवली. आवाज गोड होईल, वाक्यं झटकन येतील, असं कंपनीने कळवलं होतं. दोन्ही खरं झालं. आता कुठल्याही वेणीला टॅब म्हणायचा, “छान जमली आहे, बाळ.” कारखान्यातून सैल वेण्यांच्या चपला बाहेर पडू लागल्या, परत येऊ लागल्या. पण सुलक्षणाला त्याहून मोठी भीती वाटत होती. आई आत आहे की नाही, हेच तिला कळेना.

उन्हाळा लागला तशी ती आईला घेऊन डॉ. इंद्रजित बेंद्रे यांच्याकडे गेली. ही पट्टी बनवणाऱ्यांपैकी ते एक. जुनी आवृत्ती परत घाला, एवढंच तिचं मागणं होतं. ते काही मिनिटांचं काम आहे, असं डॉक्टर म्हणाले. तरी त्यांनी टॅबला हात लावला नाही.

“ताई, नवी चप्पल पायाला चावते. मग सैलावते. चप्पल पायासारखी होते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण पायही चपलेसारखा होतो ना?”

“होतो की. घट्टा पडतो.”

“मेंदूचंही तसंच. टॅब आईंकडून शिकतो, आणि आई टॅबकडून शिकतात. याला आम्ही परस्पर-वळण म्हणतो. नव्या आवृत्तीत गोड वाक्य चटकन उमटतं, कडू वाक्य अडतं. अडतं ते मेंदू हळूहळू सोडून देतो. मी टॅब मागे नेईन. आईंना कसं नेऊ?”

जुनी आवृत्ती आता त्यांना ओळखेलच असं नाही, कदाचित त्या कायमच्या गप्प होतील, असंही त्यांनी सांगितलं. त्यामुळे आईंचा होकार हवा.

सुलक्षणा आईसमोर उकिडवी बसली. “आई, जुनं घालू?”

टॅब लगेच म्हणाला, “तुला योग्य वाटेल ते कर, बाळ.”

सुलक्षणाने डॉक्टरांकडे पाहिलं. “हे कोण बोललं?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते सांगता येत नाही, असं ते हळूच म्हणाले.

“मग घाला जुनं,” सुलक्षणा म्हणाली.

टॅबचा पडदा काळा झाला, उजळला. शेवंताबाईंचे ओठ थरथरले, पण टॅब गप्प. सुलक्षणाने पिशवीतून अर्धवट वेणी काढली, घाईघाईत मुद्दाम सैल घातली आणि आईच्या डोळ्यांपुढे धरली. बाई बघत राहिल्या. पट्टीवरचा दिवा लुकलुकत होता. सुलक्षणा मनात म्हणत होती, झोड मला, आई, झोड.

मग तो जुना, खरबरीत आवाज आला.

“छान जमली, बाळ.”

“डॉक्टर, नवंच राहिलंय आत,” ती ओरडलीच.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नव्याचा मागमूस नव्हता. “जुनी आवृत्ती पदरचं काही घालत नाही,” ते म्हणाले. “मनात असेल तेच बोलते. हे त्यांचे शब्द आहेत.”

“दमलीस का गं?” टॅबने विचारलं.

आईने असं एकदा तरी विचारावं, असं सुलक्षणाला लहानपणापासून वाटत आलं होतं. आता आई मनापासून विचारत होती, आणि तिला ते ऐकवेना.

“न्हाई, आई,” ती म्हणाली, आणि खाली मान घालून ती वेणी सोडू लागली.