पान्यांच्या बदल्यात

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण माझी ही हौस नव्हती. बाबांनी मला ओळखणं सोडलं होतं. पोटच्या पोराला ते ‘साहेब’ म्हणायचे. लक्षात राहिली होती ती फक्त त्यांची जुनी गाडी, म्हणून मी ती पुन्हा उभी करायला घेतली. सगळं जमलं, पण गाडीबरोबर आलेले मूळचे पाने काही मिळेनात. बाजारातले आणून दाखवले, तर बाबांनी ते चाचपून खाली टाकले.

“हे आपले नाहीत, साहेब.”

खरे पाने बाबांच्या मिस्त्रींकडे राहिले होते. एका दुपारी त्यांचं घर शोधून काढलं. मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मागच्या गॅरेजचं कुलूप काढून दिलं.

“भिंतीवर टांगलेत, घेऊन जा. पण हत्यार नेलं की त्या खिळ्याला आपलं काहीतरी अडकवून जायचं, असा ह्यांचा नियम होता. म्हणजे कुणी नेलं ते कळतं.”

आत ताज्या ऑइलचा वास होता. बंद गॅरेजात ताजा वास कसा, हे मला कळेना. मधोमध एक गाडी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. कुणीतरी सावकाश नट आवळत होतं. काकूंनी जागा भाड्यानं दिली असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पान्यांची कॅनव्हासची गुंडाळी खिळ्यावरच होती. ती काढली, खिशातला रुमाल अडकवावा असं क्षणभर वाटलं. पण मेलेल्या माणसाचे नियम कोण पाळत बसतो? मी वळलो.

“काय ठेवलंस?” गाडीखालून आवाज आला.

“काही नाही... नंतर आणून देतो.”

नट आवळणं थांबलं.

“राहू दे... माझं मी घेतो.”

मी बाहेर सटकलो. “काकू, गाडीखाली कोण काम करतंय?”

“गाडी? ती तर कधीच विकली.”

मागे वळून पाहिलं, तर नुसती रिकामी फरशी. माझं डोकं चालेना. ऊन लागलं असेल म्हणत घर गाठलं, माझ्या किल्लीनं दार उघडलं आणि गुंडाळी बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी एकेक पाना अंगठ्यानं चाचपला. मग मान वर केली.

“किती वाळलायस रे बाळा! जेवतोस की नाही?”

मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता.

तेवढ्यात बायको बाबांचा चहा घेऊन आली आणि मला पाहून दारातच थबकली.

“अगं, बाबांनी ओळखलं मला!”

तिनं गोंधळून बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बसा ना तुम्ही,” ती अदबीनं म्हणाली. “हे येतीलच एवढ्यात. पाने आणायला गेलेत.”

थट्टा करतेय असं वाटून मी हसलो. ती हसली नाही. बाहेर फाटक वाजलं.

“आलेच बघा,” म्हणत ती लगबगीनं दार उघडायला गेली.