पुढच्या चाकांचे ब्रेक

ज्याला ही गोष्ट खोटी वाटते, त्याने चिंचवडच्या त्या गॅरेजची फाटकाजवळची भिंत पाहून यावी. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. दसऱ्याची सकाळ. स्वच्छ ऊन होतं.

अरुंधती तिथे एकाच कामासाठी गेली होती. वडिलांच्या नावावरचा डाग पुसायला.

तिचे वडील, मुकुंद मिस्त्री, चाकणच्या सरळ रस्त्यावर गाड्यांच्या शर्यतीत अपघात होऊन गेले. गाडी गॅरेजमालक हिंदुरावांची, जुनी फियाट. वजन घटावं म्हणून तिच्या सीटा, बंपर, सगळं काढलेलं.

पुढच्या चाकांचे ब्रेकसुद्धा.

ते काढायचा हुकूम हिंदुरावांचा. तो ऐकणारा एकच, वॉचमन धोंडीबा. लोकांत मात्र बोललं गेलं, की मुकुंदा पिऊन चालवत होता.

वडिलांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता.

आता विकायची म्हणून हिंदुराव तीच गाडी कंपनीतून आली तशी करत होते. सीटा बसल्या. बंपर बसला. मूळचा करडा रंग चढला. पण पुढचे ब्रेक...

संध्याकाळी बसवावेत, तर सकाळी ते गोणपाटावर काढून ठेवलेले. नटबोल्ट ओळीने मांडलेले. मुकुंदा मांडायचा तसे.

"कुलूप आमीच लावतो, ताई," धोंडीबा म्हणाला. "आत मांजरबी न्हाई. अन् मांजर काय पाना धरतंय व्हय?"

हसता हसता तो थांबला.

"आज मी चारचौघांत सांगनार. मालकानं ब्रेक काढाय लावलं, ह्या कानांनी ऐकलंय. नोकरी गेली तर गेली."

हिंदुरावांनी मुहूर्त विचार करून धरला होता. खंडेनवमीला त्यांनी समोर बसून ब्रेक बसवून घेतले आणि लगेच सगळी हत्यारं पूजेला मांडली. एकदा हळदकुंकू वाहिलं, की दसऱ्याच्या पूजेपर्यंत पान्याला कोणी हात लावत नाही.

"भूत झाला तरी मिस्त्रीच तो," ते अरुंधतीला म्हणाले. "पूजेतला पाना नाही उचलायचा."

खरंच होतं. वडिलांनी त्या दिवशी साधा पेचकसही कधी उचलला नव्हता.

कुलूप उघडलं. गोणपाट रिकामं होतं. हिंदुरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

गिऱ्हाईक आलं. शेजारीपाजारी जमले. हिंदुराव हार घातलेल्या गाडीत बसले.

"मालक, आदी बोलायचं हाय," धोंडीबा फाटक उघडता उघडता म्हणाला.

"फेरी मारून येतो. मग बोल."

गाडी फाटकाकडच्या उताराला लागली...

हिंदुरावांचा चेहरा अरुंधतीला काचेतून दिसला. ते पाय दाबत होते. पुन्हा दाबत होते...

गाडी थांबली नाही.

ती भिंतीवर आदळली आणि हिंदुराव जागीच गेले. गाडी आणि भिंतीच्या मध्ये धोंडीबा. तोही गेला.

पुढची चाकं उघडली, तर आत ब्रेक नव्हते. ते कधीच सापडले नाहीत. पूजेच्या पाटावर मात्र एका पान्याचं कुंकू पुसलेलं होतं. त्याला ताजं ग्रीस लागलं होतं...

"सुटले बाबा," तिचा भाऊ श्याम म्हणाला. "सूड घेतला त्यांनी."

मुकुंदा पिऊन चालवत होता, असं लोक आजही म्हणतात. नाही म्हणणारा एकच होता.

फाटकात कोण उभं आहे, हे बाबांना दिसलं नसेल का?

बाबांच्या फोटोसमोर उभी राहून अरुंधती हेच विचारते. आणि उत्तर यायच्या आत खोलीबाहेर पडते.