तन्मयचा तक्ता

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी धुकं इतकं होतं की दुबईतल्या अल नहदाच्या टॉवर्सचे वरचे मजले दिसतच नव्हते. कंपनीच्या बसमधला माझा तो पहिलाच दिवस. खिडकीजवळची एकच जागा रिकामी होती आणि तिच्या शेजारी एक मुलगा डोळे मिटून बसला होता. मी त्याच्या गुडघ्यांना न लागता कशीबशी आत सरकले, पर्स मांडीवर घेतली आणि वहिनीने दिलेला नाश्त्याचा डबा हळूच उघडला.

"भाजणीचं थालीपीठ," शेजारचा डोळे न उघडताच म्हणाला. "वर लोणी. घरचं."

माझा घास हातातच राहिला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पुण्याचा आहे हो मी." आता त्याने डोळे उघडले. हसरे, जरासे झोपाळू... "तन्मय. प्रोक्युअरमेंट."

"शुभ्रा. डॉक्युमेंट कंट्रोल. घ्या ना..."

"नको, नको. साडेबारापर्यंत मी काही खात नाही. इंटरमिटंट फास्टिंग. नऊ किलो उतरलोय!"

त्याचा शर्ट त्याच्या अंगावर कसा नीट बसला होता. माझा मात्र सीटबेल्टच्या वर फुगून आला होता. मला एकदम लाज वाटली, आणि त्या लाजेत मी बोलून गेले—

"मी पण तेच करते. हा डबा... दुपारचा आहे. गरम आहे का ते बघत होते फक्त."

इतकं फुसकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. पण तो हसला नाही. त्याने हात लांबवून माझ्याकडच्या ओलसर काचेवर बोटाने एक गोल घड्याळ काढलं, साडेबारा ते साडेआठ एवढा भाग पुसून टाकला आणि म्हणाला, "एवढीच आपली खाण्याची खिडकी. बरं झालं, पार्टनर मिळाला."

बस देऱ्याला ऑफिसपाशी पोचेपर्यंत माझ्या पोटात कावळे ओरडत होते, आणि 'आपली' हा शब्द कानात घुमत होता.

त्या दिवशी दुपारी बरोबर साडेबाराला त्याचा मेसेज आला— 'खलास! सुटला उपास.' पाच मिनिटांनी तो स्वतःच आला, टिश्यूत गुंडाळलेले दोन खजूर घेऊन. "एक तुमचा, एक माझा." चौथ्या दिवशी 'तुमचा'चं 'तुझा' झालं. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर तो माझ्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत चालत यायला लागला, आणि दोन आठवड्यांत माझं खोटं खरं झालं होतं. मी खरंच सोळा तास उपाशी राहत होते.

नाश्त्याच्या डब्याचं काय करायचं, एवढाच प्रश्न होता. मी दादा-वहिनींकडे राहत होते. मृणालिनी वहिनी स्वतःच्या नोकरीवर जायच्या आधी पहाटे पाचला उठून माझे दोन डबे भरायची. 'नाश्ता नको' असं सांगितलं असतं, तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, "कोणासाठी गं?" म्हणून मी रोज ऑफिसच्या पँट्रीत कोणी नाही असं बघून थालीपीठ, घावन, उपमा, जे असेल ते कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, वर कागद टाकून झाकायचे आणि डबा धुऊन घरी न्यायचे. "आवडलं का?" ती विचारायची. "मस्त होतं," मी म्हणायचे. तिच्याकडे बघवायचं नाही.

तन्मयने ऑफिसात 'साडेबारा' नावाचा ग्रुप काढला होता. पँट्रीतल्या फ्रिजवर त्याने स्वतः बनवलेला उपासाच्या तासांचा तक्ता लावला होता आणि दर गुरुवारी तिथे वजनकाटा मांडला जाई. आम्ही सात जण, सहा पुरुष आणि मी. पहिल्या महिन्यात माझं वजन तीन किलोंनी उतरलं आणि टाळ्या पडल्या. मग काटा हलेचना. बाकीचे उतरत राहिले.

"वीस तास करून बघ," तन्मय म्हणाला. "मी केलं होतं. काही होत नाही."

"पण मी... बाई आहे ना. फरक नसेल?"

"शरीर ते शरीर, शुभ्रा. बाई काय, पुरुष काय. सगळी डिसिप्लिन असते."

मी वीस तास सुरू केले. ऑफिसात एकदाच सॅलड. घरी 'दुपारी उशिरा जेवले' अशी थाप. रात्री झोप लागेना. विंचरताना कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. एसीत बोटं निळसर पडायची. एकदा बसमध्ये त्याने माझा हात हातात घेतला. पहिल्यांदाच! "किती गार आहेत गं तुझे हात," तो म्हणाला आणि त्याने तो दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. मला भोवळ आल्यासारखं झालं. प्रेमात असंच होत असेल, असं मला वाटलं.

फेब्रुवारीत पाळी आली नाही. मार्चमध्येही नाही. मी कोणाला सांगणार?

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी मी काट्यावर उभी राहिले आणि वजन सहाशे ग्रॅम वाढलेलं निघालं. तन्मय हसत, अगदी लाडात म्हणाला, "खरं सांग, घरी गेल्यावर वहिनींच्या हातचं काय काय असतं?" सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात फक्त अर्धी काकडी गेली होती.

त्याच दुपारी डेंटिस्टकडे जाते असं सांगून मी एका क्लिनिकमध्ये गेले. रिसेप्शनवरच्या बाईने खच्चून विचारलं, "मॅडम, मॅरिड?" अख्ख्या वेटिंग रूमने माना वळवल्या. मला जमीन दुभंगावी असं झालं.

डॉक्टर इनाया परकार दापोलीच्या. माझं आडनाव वाचून त्यांनी मराठीतच सुरुवात केली. सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासायला पाठवलं आणि चौथ्या दिवशी परत बोलावलं.

"थायरॉइड ठीक आहे, प्रेग्नन्सी नाही, बाकीचंही बरं आहे," त्या म्हणाल्या. "बेटा, तू उपाशी आहेस. एवढंच. वीस तासांचा उपास तुला कोणी सांगितला?"

"एका... मित्राने."

"डॉक्टर आहे?"

"नाही. प्रोक्युअरमेंटमध्ये आहे. ऑफिसची खरेदी बघतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगायला लागल्या. बाईचं शरीर दर महिन्याला बाळाची तयारी करतं, म्हणून अन्न कमी पडलं की ते लवकर घाबरतं; मेंदूकडून येणारे इशारे मंदावतात आणि पाळी थांबते. "सगळ्यांचं असं होत नाही हं. बारा-चौदा तास कित्येक बायकांना छान मानवतात. यावर अभ्यासही अजून थोडेच झालेत. पण नुसतं घड्याळ नाही, तू खाणंच निम्म्यावर आणलंस. आत्ताच रमजान झाला, मीही रोजे ठेवले. पण पाळीच्या दिवसांत आम्हाला सूट असते, आणि इफ्तारला आम्ही काकडी खाऊन उठत नाही."

मला हसू आलं आणि डोळे भरून आले.

"उद्यापासून सकाळी उठल्यावर नाश्ता. आणि घरी सांग कोणाला तरी."

घरी सांगायच्या आधी मी तन्मयला सांगायचं ठरवलं. त्या संध्याकाळी अल नहदा पार्कमधल्या बाकावर मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाचं खोटं सांगितलं, कचऱ्याच्या डब्यातली थालीपिठं सांगितली. आणि मग, चपलेच्या पट्ट्याकडे बघत...

"दोन महिने माझी... पाळी आलेली नाही, तन्मय."

मी वर बघितलं, तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सॉरी," तो पुटपुटला. "मला... मला जायला हवं."

आणि तो गेला. खरंच उठून गेला.

तोंडात मारल्यासारखी मी बसून राहिले. असलं बोलायचं असतं का एखाद्या मुलाशी? तेही ज्याने अजून 'आवडतेस' एवढंही म्हटलेलं नाही! त्याला किळस आली असेल. दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये नव्हता. त्याच्या पुढच्या दिवशीही नव्हता.

वहिनीला मात्र मी सांगितलं. ती भाजी निवडत होती. डब्यांचं ऐकल्यावर तिचे हात थांबले.

"सगळे टाकलेस?"

"हो."

"मी पाचला उठत होते, शुभ्रा."

"माहितीये."

ती पुन्हा निवडायला लागली. मेथीची एक जुडी संपली, मग दुसरी. शेवटी तिने विचारलं, "किती महिने झाले पाळीला?" मी दोन बोटं वर केली. तिने ती बोटं ओल्या हाताने मुठीत धरली आणि मला जवळ ओढलं. ती रागावली असती तर बरं, असं मला वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी बसस्टॉपवर तन्मय माझ्या आधी येऊन उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"मी पळून गेलो त्या दिवशी," तो म्हणाला.

"मी नको ते बोलले. त्याबद्दल—"

"तू नाही. मी. माझी धाकटी बहीण आहे, अनन्या. पुण्यात असते. तिलाही हाच तक्ता दिला होता मी. दिवाळीत फोनवर म्हणाली, दादा, माझं बंद झालंय. काय बंद झालंय ते मला कळलं होतं, शुभ्रा. नीट कळलं होतं. पण बहिणीशी असलं कसं बोलायचं, म्हणून मी न कळल्यासारखं केलं. 'कारणं सांगू नकोस' म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आणि पुन्हा तुला म्हणालो, शरीर ते शरीर..."

बस आली. ड्रायव्हरने "यल्ला, यल्ला" करत घाई केली. आम्ही दोघंही चढलो नाही.

"दोन दिवस फोन करत होतो तिला. काल रात्री उचलला. पाऊण तास शिव्या दिल्या."

"मग?"

"मग विचारलं, कोण आहे ती मुलगी?"

माझे कान तापले. "काय सांगितलंस?"

"सांगितलं की... जिच्यासमोर मला सगळ्यांत हुशार दिसायचं होतं, तीच आहे." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "मला तू पहिल्या दिवसापासून आवडतेस. थालीपिठासकट. आणि मीच तुला उपाशी मारलं. माझी फार लाज वाटते गं मला."

"मला पण माझी वाटते," मी म्हणाले. मग आम्ही टॅक्सीने ऑफिसला गेलो, एकमेकांचा हात धरून. पोचल्यावर त्याने सगळ्यांदेखत फ्रिजवरचा तक्ता काढून फाडला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दादाने तन्मयला जेवायला बोलावलं. बाहेर डांबर वितळेल असं ऊन. दादा सोफ्यावर ताठ बसून त्याला व्हिसाचं, कंपनीचं, आईवडिलांचं विचारत होता आणि तन्मय शाळेतल्यासारखा मांडीवर हात ठेवून उत्तरं देत होता. मी आत होते. ओटीपोटात सकाळपासून कळा येत होत्या आणि अखेर... खरंच. तीन पाळ्या चुकल्यावर! मी बाथरूममधून बाहेर आले ती हसत, डोळे पुसत. वहिनीने नुसतं बघून ओळखलं.

पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्ताने मी तन्मयपाशी वाकले आणि कुजबुजले, "आली."

तो ताडकन उठला. ग्लास गालिच्यावर सांडला.

"खरंच? कधी?"

दादाने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "काय आलं? कोण आलं?"

तन्मय लालबुंद झाला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदराने तोंड दाबून उभी. नेहमीसारखी मी मान खाली घातली, नोव्हेंबरपासून घालत आले होते तशी. आणि मग वर केली.

"माझी पाळी आली, दादा. बंद झाली होती. औषधपाणी चालू होतं, तन्मयला माहीत होतं."

दादा आधी पंख्याकडे बघत राहिला, मग सांडलेल्या पाण्याकडे, मग तन्मयकडे... बराच वेळ तन्मयकडे.

"तुम्हाला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"हो, दादा," तन्मय म्हणाला. त्याने नजर खाली वळवली नाही.

दादाने घसा खाकरला, उठला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या आईबाबांचा पुण्याचा नंबर द्या," तो म्हणाला.