दाराशी थांबलेला धाकटा

रविवारी सकाळी दुकानाचं शटर जेमतेम अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात आत फोन वाजायला लागला.

"ताई, मेलेला माणूस गेम खेळू शकतो का?"

दुरुस्तीवालीने पिशवी टेबलावर ठेवली. जुने रेडिओ, भिंतीवरची घड्याळं आणि व्हिडिओ गेम दुरुस्त करणाऱ्या बाईला लोक वाट्टेल ते विचारतात; हे मात्र नवीन होतं. आवाज ओळखीचा होता. जुन्या गेमच्या कॅसेट जमवणारं तिचं हे गिऱ्हाईक एरवी चेष्टामस्करीशिवाय बोलत नसे. आज त्याचा आवाज कापत होता.

"मी येते," ती म्हणाली. "तोवर कशाला हात लावू नका."

त्याच्या घरातली मागची खोली म्हणजे त्याचा संग्रह. तीन भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर दोनशे बारा कॅसेट, एकेक पुसून उभी केलेली. प्रत्येकीची कुळकथा त्याला तोंडपाठ. ही भंगाराच्या पोत्यात तळाशी सापडली. हिच्यासाठी चार वर्षं वाट पाहिली आणि हातात आली त्या दिवशी जेवण गेलं नाही. हिच्या पाठीवर कुणा मुलीने नखांच्या रंगाने फूल काढलंय.

पण खरी गंमत कॅसेटच्या आत होती. साठेक कॅसेटींत कुणा ना कुणाचा अर्धवट सोडलेला खेळ अजून शिल्लक होता. परक्या मुलांची नावं, त्यांनी गाठलेली ठिकाणं, खेळलेले तास. दुसरे शौकीन ते पुसून नवा डाव मांडतात. हा कधीच पुसत नसे. त्यामुळे त्या खोलीत दुपारीही आपण एकटे नाही असं वाटायचं. दुरुस्तीवालीला तर दारातच कुणीतरी सरकून जागा दिल्यासारखं वाटलं.

"कोणती?" तिने विचारलं.

त्याने पहिल्या फळीवरच्या पहिल्या कॅसेटकडे बोट दाखवलं. करड्या रंगाची, कोपरा झिजलेली. संग्रहाची सुरुवात हिच्यापासूनच झाली होती. त्याच्या धाकट्या भावाची ही कॅसेट. चौदाव्या वर्षी तापाने गेला, त्याला सव्वीस वर्षं झाली. जायच्या आठवडाभर आधी त्याने खेळ सेव्ह केला होता. बर्फातल्या एका मोठ्या दाराशी त्याचा शिपाई उभा होता.

"दर रविवारी मी फक्त यादी बघतो," थोरला म्हणाला. "त्याचं नाव, ठिकाण आणि वेळ. बर्फाचं दार. एकेचाळीस तास, सतरा मिनिटं. मोठ्याने वाचतो आणि बंद करतो."

"खेळ उघडून आत कधी गेलात?"

"कधीच नाही. चुकून काही दाबलं गेलं तर?"

"आणि कॅसेट उघडली?"

"छे. आतली बॅटरी हलली तर सगळं पुसलं जातं, हे तुम्हीच मला शिकवलंत."

त्याने टीव्ही लावला. यादी आली. धाकट्याचं लाडकं नाव तसंच होतं. ठिकाण मात्र बदललं होतं. समुद्रकिनारा. बेचाळीस तास, पन्नास मिनिटं.

"किनारा दाराच्या पलीकडे आहे," तो हळूच म्हणाला. "तो तिथवर पोचलाच नव्हता. घरात मी एवढंच सांगितलं की धाकटा पुढे गेला. कुठे ते सांगायचा धीर झाला नाही. ताई, खरं सांगू? भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. तोच असावा असं वाटलं."

दुरुस्तीवाली टीव्हीपाशी गेली. तिने टीव्हीचा आवाज पाहिला. शून्यावर होता.

"तुम्ही बंद केला आवाज?"

"नाही. सुरुवातीचं संगीत ऐकायला मला आवडतं. आज वाजलंच नाही, लक्षातच आलं नाही माझ्या."

समोर सतरंजी होती. थोरला तिच्यावर मांडी घालून बसे. पण भिंतीशी लाकडी खुर्ची होती आणि खुर्चीवर उशी.

स्वयंपाकघरात त्याची बायको भाजी निवडत होती.

"मला त्या खोलीचा राग येतो, हे लपवत नाही," ती म्हणाली. "लग्नाला बारा वर्षं झाली. एकाही रविवारी आम्ही सकाळी बाहेर पडलो नाही. पण मी त्या कॅसेटला हात लावला तर यांचं काळीज फाटेल. तेवढं कळतं मला."

"दुपारी घरात कोण असतं?"

"आम्ही दोघंही कामावर. आई असतात."

"हे कधी बरेच दिवस बाहेरगावी होते का?"

"एकदाच. नऊ वर्षांपूर्वी तीन महिने कामासाठी गेले होते. तेवढेच काय ते माझे रविवार." ती हसली आणि लगेच डोळे पुसले.

आई गॅलरीत उन्हात बसल्या होत्या. सत्तरीच्या. गुडघ्यांवर शाल.

"आई, त्या खोलीत कोण जातं?"

"थोरला जातो. मला त्यातलं काय कळतंय बाळ? पोरं खेळायची तेव्हा मागे विणत बसायचे, तेवढंच."

"धाकटा पुढे गेलाय म्हणतात."

"गेला तर जाऊ दे की. समुद्राची हवा चांगली असते."

दुरुस्तीवाली मान हलवून परत खोलीत आली.

"मला खेळ उघडून बघायचाय," ती थोरल्याला म्हणाली. "सेव्ह करणार नाही. शब्द देते."

त्याने पडद्यावरच्या नावावरून बोट फिरवलं. शेवटी मान डोलावली. तिने नावावर बटण दाबलं. किनाऱ्यावर शिपाई उभा होता, लाटा आवाज न करता येत होत्या. तिने त्याची पिशवी उघडली. तलवार पहिल्या गावातली, सगळ्यात हलकी. आणि औषधाच्या पुड्या नव्याण्णव. याहून जास्त पिशवीत मावतच नाहीत. लोकरी अंगरखे तीन.

"धाकटा कसा खेळायचा?"

"बेफाम. मिळेल ती मोहर तलवारीवर घालवायचा. औषध कधी घ्यायचा नाही." तो पडद्याकडे बघतच राहिला. "हे त्याचं नाही."

"आता कॅसेट उघडते. बॅटरीला हात लावणार नाही."

तिने खेळ बंद केला आणि खास पेचकसाने दोन स्क्रू काढले. हा पेचकस घरोघरी नसतो. आत नाण्याएवढी बॅटरी होती आणि तिच्यावर काळ्या शाईने तारीख लिहिली होती. बॅटरी बदलली की तिच्यावर तारीख घालायची, ही तिच्या वडिलांची शिस्त. तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. अक्षर वडिलांचं होतं. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. ते अक्षर असं अवचित समोर आलं आणि तिचा हात क्षणभर थांबला.

"आईंना बोलावता का?" ती म्हणाली.

आई आल्या आणि न विचारता त्या उशीच्या खुर्चीवर बसल्या. सून दारात उभी राहिली.

"बाहेरचं कुणी आलेलं नाही," दुरुस्तीवाली म्हणाली. "मेलेलंही नाही. असल्या बॅटऱ्या पंधरा-वीस वर्षं टिकतात. मूळची नऊ वर्षांपूर्वी संपली, आणि संपली त्याच दिवशी धाकट्याचा खेळ पुसला गेला. तुम्ही तेव्हा बाहेरगावी होता. कुणीतरी कॅसेट माझ्या वडिलांकडे नेली, नवी बॅटरी बसवली आणि पहिल्यापासून सगळा खेळ पुन्हा खेळलं. बर्फाच्या दारापर्यंत."

"म्हणजे नऊ वर्षं मी..." थोरला म्हणाला.

"ज्याला नुसतं बघून खेळ शिकता आला, पण खाली सतरंजीवर बसता येत नाही, असं कुणीतरी. शेजारी कळू नये म्हणून आवाज बंद ठेवणारं. ज्याने पोराला हलकी तलवार दिली आणि औषधं मात्र पिशवी भरेपर्यंत घेतली. आणि ज्याला कुणी न सांगता समुद्र ठाऊक होता." ती आईंकडे वळली. "आई, सतरा मिनिटं कशी जुळवलीत?"

आईंनी शाल सावरली. त्यांनी नाकारलं नाही.

"दाराशी पोचले तेव्हा अडतीस तास झाले होते," त्या म्हणाल्या. "मग त्याला तिथेच उभं करून ठेवलं. तीन तास बसून राहिले समोर. हा दर रविवारी आकडा वाचायचा, तो चुकून कसा चालेल?"

"मला सांगितलं का नाहीस?" थोरल्याने विचारलं.

"तू बाहेरगावी असताना एका रविवारी मीच यादी लावली, तर ती रिकामी. तो एकदा गेला तेव्हा तुझं काय झालं ते मी पाहिलं होतं. दुसऱ्यांदा गेला म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? दुपारी अधूनमधून मी उघडायचे. सेव्ह न करता थोडं फिरवून आणायचे त्याला. औषध तेव्हा वेळेवर मिळालं नाही रे. इथे मिळत होतं."

थोरला आईच्या खुर्चीजवळ सरकला.

"मग आता पुढे का नेलंस?"

"माझ्या डोळ्यांत पडदा यायला लागलाय. पुढच्या वर्षी मला दार दिसणार नाही." आईंचा आवाज प्रथमच फुटला. "सव्वीस वर्षं माझं पोर बर्फात उभं आहे आणि त्याच्याबरोबर तूही. कुणीतरी ते दार उघडायला नको?"

थोरला खाली सतरंजीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. संग्रहातली सगळ्यात जपलेली वस्तू नकली निघाली होती. भाऊ तर नव्हताच. नऊ वर्षं ज्याला तो रविवारी भेटत होता, ती त्याची आई होती, आणि ती रोज त्याच्या समोर जेवायला बसत होती.

दुरुस्तीवालीने स्क्रू पुन्हा बसवले. ही बॅटरीही कधीतरी संपणारच होती, पण आज ते बोलणं तिला बरं वाटलं नाही.

ती निघाली तेव्हा थोरल्याने कॅसेट परत लावली होती. बायको त्याच्याशेजारी येऊन बसली होती. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. लाटा ऐकू यायला लागल्या.

"शेवट काय होतो?" त्याने आईला विचारलं.

"काय माहीत," आई म्हणाल्या आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला. "तुझ्याशिवाय कसा बघणार होते?"