उन्हात ठेवलेले सेल

टण्ण… दुधाच्या पातेल्यावरचं झाकण घसरलं आणि फरशीवर कितीतरी वेळ गरगरत राहिलं.

भरदुपार होती. महाडातल्या त्या वस्तीत घरंच्या घरं जेवून आडवी झाली होती. येसूबाई पडवीत घोरत होती, पाच वर्षांची मैना भिंतीकडे तोंड करून निजली होती, आणि मैनाची आई, येसूबाईची लेक चंद्रभागा, आवाज कमीत कमी ठेवून कॅसिओच्या छोट्या पेटीच्या पट्ट्यांवर एक चाल शोधत बसली होती. झाकणाच्या आवाजाने मैना उठली. उठली ती डोळे चोळत थेट पेटीवरच आली. "माझी हाय ती…" आणि शेजारचा पाण्याचा तांब्या पेटीवर आडवा.

पेटी खरंच मैनाची होती. भिकूमामा जहाजावर कामाला. त्याने बापाविना झालेल्या भाचीसाठी ते परदेशी खेळणं आणलं होतं. मैनाचा बाप मुंबईत गोदीत होता. मैना रांगत असताना साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. चंद्रभागा माहेरी परतली, सकाळचं बालवाडीत शिकवायचं काम धरलं, आणि एका दुपारी सहज म्हणून तिने त्या पेटीचं बटण दाबलं. आत ढोलकीसारखं काहीतरी आपोआप वाजायला लागलं. दुसरं बटण दाबलं तर बासरी, तिसरं दाबलं तर व्हायोलिन. पाच माणसांची पार्टी एका बाईच्या मांडीवर! त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. वीस मार्चला चवदार तळ्यावर कॅसेटींचे स्टॉल लागतात, सगळ्या पुरुषांच्या आवाजाच्या. त्यांत एक आपली असावी. गाणारं कुणी नको, शब्द नकोत. नुसतं आपण वाजवलेलं.

आता ती पेटी चालू केली की एकच सूर धरून बसत होती. पीं…

महाडच्या दुकानदाराने "फॉरेनचा माल आम्ही उघडत नाय" म्हणून हात जोडले. पोलादपूरला एक जण काहीही उघडतो, असं कानावर आलं होतं. चंद्रभागाने पेटी मैनाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि पोलादपूरची एसटी पकडली.

गाडी गच्च भरलेली. एक तरुण चटकन उठला. "बसा ताई. बाळाला जरा वारा लागू द्या."

खरं सांगायचा तिला कंटाळा आला. ती बसली. पुढे खड्ड्यात गाडी आपटली, आतलं बटण सरकलं, आणि दुपट्यातून आवाज आला… पीं…

अर्धी गाडी मागे वळली. तरुण वाकून बघायला लागला. "काय झालं बाळाला?"

"पाणी जास्त प्यायलं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"मग… सेल काढून बघितले?"

तिने मान वर केली. त्याचे ओठ सरळ होते, डोळे तेवढे हसत होते. "मी मुरारी," तो म्हणाला. "पोलादपूरला साउंड सर्व्हिस हाय आपली. रेडिओ, टेप, कर्णे… आता बाळंसुद्धा."

दुकानात त्याने पेटीचे सगळे स्क्रू बशीत काढले, जुन्या टूथब्रशने आतलं हलक्या हाताने साफ केलं, बराच वेळ पंख्यासमोर धरलं. मग जोडून तिच्यापुढे सरकवलं. "वाजवून बघा."

तिने वाजवली. एक चाल, मग तिच्यात मिसळणारी दुसरी. मुरारीच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

"हे कुणाचं?"

"माझं."

"आणि गाणार कोण?"

"कुणी नाही. अशा आठ चालींची कॅसेट काढायची आहे मला. एकटीने."

तो हसेल म्हणून तिने मन घट्ट करून ठेवलं होतं. तो हसला नाही. कान खाजवत म्हणाला, "रविवारी या. दोन टेप हायत माझ्याकडे. एकावर आधी नुसता ताल भरू. तो वाजत ठेवून वरून तुम्ही चाल वाजवायची, दुसरा टेप दोन्ही भरून घेईल. असं थरावर थर."

ती निघाली तसा तो मागून म्हणाला, "आणि बाई… गाडीत ताई म्हणालो, ते परत घेतो."

"का बरं?"

"बाळच खोटं निघालं. मग नातं तरी खरं कशाला ठेवायचं…"

एसटीत बसल्यावर आपण हसतोय हे तिला शेजारणीच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग रविवारमागून रविवार. पोलादपुरात विजेचा भरवसा नव्हता, एका चालीत दोनदा जायची. म्हणून मुरारी टेप सेलवर चालवायचा. सेल थकले की शिडी लावून कौलांवर उन्हात मांडून यायचा, आणि मधूनच वर जाऊन वाळत घातलेल्या बोंबलांसारखे उलथेपालथे करायचा. त्यात नवल काहीच नव्हतं. रेडिओ असलेल्या प्रत्येक घराच्या कौलावर तेव्हा सेल दिसायचे.

"तुम्ही वाजवताना डोळे का मिटता?" एकदा त्याने विचारलं.

"तुम्ही बघता म्हणून."

"मी टेपकडे बघतो."

"टेप माझ्या नाकावर आहे?"

तो कानापर्यंत लाल झाला आणि उगाचच वायर सोडवायला लागला, न गुंतलेली.

घरी येसूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "चंद्रे, लोकं बोलतात गो."

"काय बोलतात?"

"बोलतात, हिची पेटी लय येळा बिघडते."

"त्यांना सांग, दर रविवारी बिघडते."

येसूबाईने खडा उचलून बाहेर टाकला. हसू लपवायला तिला तेवढं पुरलं.

शेवटची चाल भरून झाली त्या दिवशी मुरारीने टेप बंद केला आणि तिथेच उभा राहिला. "बाई… एक विचारू?"

"कॅसेट हातात येईपर्यंत काही विचारायचं नाही."

"मी काय विचारणार ते तुम्हाला काय ठाऊक?"

"ठाऊक आहे म्हणूनच."

कॅसेटच्या प्रती काढायच्या महाडच्या पांडूदादाने. तळ्यावर त्याचाच मोठा स्टॉल असे. वीस मार्च तोंडावर आला होता. दोघं त्याच्याकडे गेली, जयभीम झाला, चहा आला. पांडूदादाने कॅसेट आपल्या मोठ्या, विजेवरच्या मशीनमध्ये घातली.

सुरुवात चांगली झाली. मग चाल हळूहळू चढायला लागली. सूर वर वर सरकत गेले, ताल पळत सुटला, बासरीची किंकाळी झाली. दुसरी चाल तशीच. तिसरी तर आणखी घाईत. पांडूदादाने हसू आवरत मशीन बंद केलं. "बाई, लग्नाचा बँड उंदराच्या बिळात शिरला काय हो?"

चंद्रभागाने हातातला कप खाली ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नका," पांडूदादा नरमला. "वाजवता तुम्ही झकास. असं करू. शब्द लिहून घेऊ, हा मुरारी गाईल, गळा बरा हाय त्याचा. तुम्ही मागे वाजवा. 'मुरारी आणि पार्टी' छापतो. एका दिवसात काम."

ती उठून बाहेर आली. मागून मुरारी. त्याचा चेहरा उतरला होता.

"सेल," तो म्हणाला. "चूक माझी हाय. उन्हात तापवलेला सेल आधी जोर धरतो, मग बसत जातो. टेप हळूहळू मंद फिरत होता. आणि आपण ऐकत होतो त्याच टेपवर, त्याच मरगळल्या सेलवर… म्हणून ते बरोबर वाटायचं. चांगल्या मशीनवर पळणारच."

"तुम्हाला कळायला हवं होतं."

"हवं होतं."

ती चालत राहिली. तो बरोबर. कोपऱ्यावर तो अडखळत म्हणाला, "मी गायलो तर निदान कॅसेट तरी निघेल…"

ती थांबली. "तुम्हाला गायचं आहे?"

"नाय. तुमची कॅसेट निघावी एवढंच वाटतं."

"मग ती माझी कशी होईल?"

तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा होता. "पुन्हा वाजवते. आठही."

"एवढ्यात वेळ कुठनं आणणार?"

"वेळ मी काढते. वीज तुम्ही आणा."

दुसऱ्या दुपारी ती बालवाडीतून आली तर दारात मुरारी. खांद्यावर लाउडस्पीकरची मोठी बॅटरी, हातात दोन्ही टेप, घामाने थबथबलेला, शर्टाच्या बाहीला बॅटरीच्या ॲसिडने पडलेली भोकं. ऐन लग्नसराईतली बॅटरी ती!

"आणि तुमची लग्नं?"

"या आठवड्यातली दुसऱ्याला दिली. कर्णा काय, कुणाचाही वाजतो."

मग रोजची दुपार त्यासाठीच. येसूबाईने पडवीत ठाण मांडलं. कोंबड्या पिटाळल्या, शेजारचं भांडण पुढच्या गल्लीत लोटलं, आणि सुकटवालीला दारातच अडवलं, "आज नको गो बाय, घरात टेप चालू हाय." मैना मुरारीच्या मांडीवर बसे. तिच्या तोंडावर त्याचा पंजा आणि त्या पंजावर तिचे दोन्ही हात, म्हणजे चुकून बोलणं नको.

शेवटची चाल जलद होती. ती पुन्हा पुन्हा हुकत होती. चंद्रभागाच्या बोटांची टोकं लाल झाली, मनगट भरून आलं. मुरारीने माठातलं पाणी पेल्यात घेऊन तिच्यापुढे धरलं. "बोटं बुडवा."

तिने बुडवली. पेला त्याच्या हातात, बोटं तिची पाण्यात, आणि दोघंही पाण्याकडेच बघत…

"पुरे?" त्याने हळूच विचारलं.

"अजून थोडं," ती म्हणाली. मग हात पदराला पुसले आणि ती चाल एका दमात वाजवून काढली.

या वेळी पांडूदादाने दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. चहा निवून गेला. "नाव काय छापू?" त्याने एवढंच विचारलं.

"चंद्रभागा."

"नुसतंच?"

"वाजवणारी एकटी आहे. नाव एकटं पुरे."

वीस मार्चला तळ्याच्या काठी पाय ठेवायला जागा नव्हती. निळे झेंडे, पुस्तकं, तसबिरी, कुठून कुठून आलेली माणसं. प्रत्येक स्टॉलचा कर्णा दुसऱ्यावर ओरडत होता, आणि त्या सगळ्यातून पांडूदादाच्या कर्ण्यावरून तिची चाल निघाली, कुणावरही न ओरडता. माणसं वळून बघत होती. एक म्हातारबुवा काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. "गाणारा कवा सुरू व्हायचा?"

"तुम्हीच म्हणा बाबा," पांडूदादा म्हणाला. "जागा ठेवलीय."

म्हातारबुवा खरंच गुणगुणायला लागले, आणि मग कॅसेट घेऊनच गेले.

मुरारी गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आला. "झाली कॅसेट."

"झाली."

"मग… विचारू?"

"विचारा ना."

त्याने तोंड उघडलं, मिटलं, कर्ण्याकडे बघितलं. चंद्रभागाला त्याची दया आली. "मीच सांगते," ती म्हणाली. "मी येईन तर मैनाला घेऊन येईन. पेटीही येईल. आणि मग रविवारी नाही, रोज वाजवेन. तुमच्या घरच्यांना हे सगळं आधी सांगायचं. चालेल?"

"आईला सांगून झालंय," तो म्हणाला. "ती म्हणते, बॅटरी भरून ठेव."

तिने त्याच्या बाहीच्या एका भोकावर बोट ठेवलं. तेवढंच. भर गर्दीत त्याहून जास्त करता येत नव्हतं, आणि दोघांनाही ते पुष्कळ होतं.

मैना मुरारीच्या खांद्यावर चढून बसली होती. बर्फाचा गोळा तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता आणि ती कर्ण्याकडे टक लावून आईची चाल ऐकत होती. मग तिने वरूनच खाली वाकून विचारलं,

"आई, माझे बाबा असते तर तू हे वाजवलं असतंस?"