झटक्याच्या आधी

क्षितिजने चहाचा कप ओठांपर्यंत नेला आणि न पिताच टेबलावर ठेवला. मग त्याचा उजवा खांदा जोरात उडाला, हात कोपरापासून हिसडला. सगळं शांत झाल्यावर त्याने कप पुन्हा उचलला.

मालोजींनी नजर वळवली. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातला माणूस, पोलिसात हवालदारकी करून निवृत्त झालेला, पण असं काही त्यांना बघवत नसे. विजयश्री मात्र टक लावून बघत होती. चिंचवडच्या या दोन खोल्यांच्या ऑफिसातली गुप्तहेर ती. मालोजी गाडी चालवत, ओळखी काढत आणि तिच्या मागून दोन पावलं उशिरा विचार करत. हे त्यांना स्वतःला मान्य होतं.

"टूरेट सिंड्रोम," क्षितिज म्हणाला. "लहानपणापासून आहे."

निघोज्याच्या एका कारखान्यात तो सहा वर्षं मापं तपासत होता. मंगळवारी तो जेवून परतला तेव्हा मास्टर फरशीवर पडलेलं होतं आणि त्याची कड उडाली होती. मास्टर म्हणजे ज्या पोलादी कड्यावरून बाकीची सगळी मापं जुळवतात ते. दोन दिवस काम बंद पडलं. शेजारी उभ्या सुपरवायझर शेखरने क्षितिजचं नाव घेतलं आणि ते सगळ्यांना ताबडतोब पटलं. सोमवारी त्याला काढणार होते.

"नोकरी दुसरी मिळेल, मॅडम. पण 'याच्या हातात काही देऊ नका' हे चाकणभर झालं की मापाचं काम मला कुणी देणार नाही. आणि मला तेवढंच चांगलं येतं."

जिना उतरताना मालोजी हळहळले. "पोरगं गुणाचं हाय, ताई. पण पडलं आसंल त्याच्याच हातनं. त्यो तरी काय करणार?"

"कप फुटला का, मालोजीराव?" एवढंच विचारून ती गाडीत बसली.

कारखान्याच्या मॅनेजर जयमालाबाईंनी चौकशीला हरकत घेतली नाही. त्यांच्याही मनाला ते खात होतं. मास्टरच्या कपाटाच्या किल्ल्या तिघांकडेच होत्या. क्षितिज, त्याची सहकारी तनुजा आणि शेखर.

तनुजा त्या वेळी जेवायला गेली होती म्हणाली. क्षितिज गेला तर त्याची जागा तिलाच मिळणार, हे कळल्यावर मालोजींच्या भुवया वर गेल्या. तिने मात्र वाळत घातलेले पांढरे सुती हातमोजे दाखवले. मोज्यांशिवाय क्षितिज मास्टरला शिवत नाही, म्हणाली. त्याच्या टेबलावर फोमचा एक चौकोन होता, मधोमध झिजलेला. विजयश्रीने त्यावरून बोट फिरवलं.

शेखरने आपुलकीने हात पुढे केला. मालोजींनी तो मिळवला आणि नंतर हळूच आपला पंजा विजारीला पुसला.

"बिचाऱ्याचा दोष नाही हो," शेखर म्हणाला. "माझ्यासमोर मास्टर हातात घेऊन बोलत होता. बोलता बोलता, काही कळायच्या आत झटका आला आणि पडलं. त्याला आठवत नसेल. मी मोजे घालून उचललं आणि तसंच पिशवीत सील केलं. तेव्हापासून कुणाचाच हात लागलेला नाही."

दुपारी विजयश्रीने सगळ्यांना जयमालाबाईंच्या केबिनमध्ये बोलावलं.

"क्षितिज, झटका येणार हे तुम्हाला आधी कळतं?"

तो थबकला. "कळतं ना. खांद्यात आधी कळ साठत जाते. शिंकेआधी नाकात होतं तसं. डॉक्टर म्हणतात, अंगातल्या जाणिवा टिपणारा मेंदूचा भाग माझ्यात जरा वेगळा चालतो. झटका थोडा वेळ थोपवता येतो. तेवढ्यात हातातलं खाली ठेवतो."

"हे आधी का नाही सांगितलंस?" जयमालाबाईंनी विचारलं.

"कुणी विचारलं नाही."

"म्हणून कप टेबलावर आणि म्हणून फोम झिजलेला," विजयश्री म्हणाली. "बाहेरून आपल्याला फक्त झटका दिसतो. शेखरभाऊंनी तेवढाच पाहिला होता, म्हणून साक्षीतही तेवढाच घातला. आता पिशवी उघडा."

चकचकीत कड्यावर बोटांचे तीन तांबूस डाग उमटले होते.

"हा गंज आहे, उघड्या बोटांच्या घामाचा. क्षितिज मोजे घालतो. सील करणाऱ्यानेही घातले होते. म्हणजे त्याआधी, पडण्यापूर्वी, कुणीतरी हे नुसत्या हाताने धरलं. तनुजाच्या हाताला घाम नाही, ती मोजे दाखवत होती तेव्हा मी पाहिलंय. मालोजीराव, सकाळी तुम्ही पंजा कशाला पुसलात?"

मालोजींनी आपल्या तळहाताकडे पाहिलं, मग शेखरकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपणही निघालो होतो, हे त्यांना लागलं.

"हे ठसे कुणाचे ते तपासता येतं," विजयश्री शांतपणे म्हणाली.

शेखर खुर्चीत बसला. तपासणीला पाहुणे यायचे होते, घाई झाली, मोजे राहिले, कडं निसटलं, असं त्याने सांगितलं. "त्याचं नाव घेतलं तर कुणी रागावणार नाही, कीव करतील, असं वाटलं मला."

क्षितिज त्याच्याकडे वळला.

"सहा वर्षांत माझ्या हातून एकही वस्तू पडली नाही, सर. दर महिन्याला माझ्या कामाच्या नोंदीवर तुम्हीच सही करत होतात."

जयमालाबाईंनी खोक्यातून नवं मास्टर काढलं आणि क्षितिजपुढे धरलं. त्याने मोजे चढवले, कडं घेतलं आणि आपल्या टेबलाशी गेला. दिव्याखाली धरलं, थांबला, फोमवर ठेवलं. खांदा उडाला.

या वेळी मालोजी बघत राहिले.

"माझंबी चुकलंच, लेका," ते म्हणाले.

क्षितिज हसला, कडं उचललं आणि माप घ्यायला लागला.